२० कुंड्यांचा ठिबक संच: गच्चीवर बाग करणाऱ्या निवृत्त मंडळींनी घ्यावा का?

गच्चीवरची बाग मोडते ती बहुतेक वेळा घरातली माणसं गावाला गेल्यावर. नांदेड-परभणीकडच्या निवृत्त जोडप्याला वर्षातून एकदा तरी लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर नातवंडं सांभाळायला पुण्याला जावंच लागतं. परत येईतो वांगी-मिरचीच्या काड्या झालेल्या असतात, आणि एकदा असं झालं की पुन्हा माती कालवायची उमेद राहत नाही. ड्रमवर चालणारा ठिबक संच हीच अडचण सोडवतो असं सांगून विकला जातो. मत आधीच सांगतो: वस्तू चांगली आहे, जरूर घ्यावी. पण खोक्यातून काढून जशीच्या तशी जोडली, तर आपल्याकडच्या उन्हात आणि बोअरच्या पाण्यात ती एक हंगामसुद्धा धड चालत नाही.

खोक्यात १६ मिमीची लॅटरल म्हणजे मुख्य नळी, तिच्यापासून कुंडीपर्यंत जाणारी ४ मिमीची मायक्रोट्यूब, थेंब थेंब पाणी सोडणारे २० ड्रीपर, नळ्या जोडणारे जॉइनर, भोक पाडायचा पंच, कॉक, बोटाएवढा फिल्टर आणि लॅटरलचं शेवटचं टोक दुमडून बंद करायची ‘आठ’ असते. काही स्वस्त संचांत मुख्य नळीच ४ मिमीची देतात. तो संच घेऊ नये. ड्रमच्या पाण्याला जोर आधीच कमी असतो, तो त्या बारीक नळीत घासूनच संपतो आणि शेवटच्या पाच-सहा कुंड्या कोरड्या राहतात.

खोक्यावर ‘ताशी ४ लिटर’ लिहिलेलं असतं, त्यावर हिशोब मांडू नका. तो आकडा १ बार दाबाचा आहे, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा. आपला ड्रम ठेवणार मीटरभर उंच घोडीवर. ड्रम काठोकाठ असेल तर साधा ड्रीपर ताशी पावणेदोन लिटरच्या आसपास देतो आणि तळाला आला की सव्वा लिटरवर उतरतो. हे कमी पाणी कुंडीला पुरतं, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’ लिहिलेले, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे महागडे ड्रीपर मात्र इथे बिनकामाचे. एवढ्या कमी दाबावर ते नीट चालतच नाहीत.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ठरल्या वेळी पाणी सुरू-बंद करणाऱ्या टायमरवर. बॅटरीवरचे टायमर दोन जातीचे असतात. सोलेनॉइड व्हॉल्व्हचा, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा टायमर उघडायला पाण्याचा दाब लागतो. ड्रमवर तो टिक् आवाज करतो, पण पाणी सोडत नाही. बॉल व्हॉल्व्हच्या टायमरमध्ये छोटी मोटर व्हॉल्व्ह फिरवते, त्यामुळे तो शून्य दाबावरही चालतो. दुकानात विचारायचं ते एवढंच: “टाकीच्या पाण्यावर, बिनदाबाचा चालतो का?” गावाला जायच्या आदल्या दिवशी नवे सेल टाका. सेल मधेच संपले आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर अख्खा ड्रम एका दिवसात रिकामा होतो.

पाण्याचा हिशोब असा. मे महिन्यात १२ इंची कुंडीला रोज दीड लिटर धरा, म्हणजे २० कुंड्यांना ३० लिटर. २०० लिटरच्या ड्रमचं भोक तळापासून ५ सेंटीमीटर वर पाडायचं, म्हणजे गाळ खाली राहतो आणि १२-१३ लिटर पाणी तिथेच अडतं. हाताशी राहतात १८५ लिटर, ते सहा दिवस पुरतात. हिवाळ्यात अर्ध्या लिटरवर भागतं, तेव्हा तोच ड्रम अठरा दिवस जातो. त्यामुळे ‘महिनाभर निश्चिंत’ ही जाहिरात उन्हाळ्यात खरी नाही. दुसरा ड्रम जोडा, किंवा सहाव्या दिवशी नळी लावून देणारा शेजारी आधीच पक्का करा. जिथे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात हा हिशोब कोणी हसण्यावारी नेणार नाही. टायमर सकाळी सहाला अर्धा तास आणि संध्याकाळी सातला अर्धा तास लावला की मेचं गणित बसतं. दुपारी पाणी सोडू नका. काळ्या लॅटरलमधलं पाणी तेव्हा हाताला चटका देतं, मुळांना तर देतंच.

जोडणीला दोन सकाळी पुरतात. भरलेल्या ड्रमचं वजन दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून तो स्लॅबच्या मध्यावर नको, खाली भिंत किंवा बीम आहे अशा जागी ठेवा. लॅटरलचं वेटोळं आधी अर्धा तास उन्हात पसरा, म्हणजे ती सरळ बसते. पंच अगदी उभा धरून एका दाबात भोक पाडा. तिरकं भोक कायम गळतं, मग तिथे बूच मारून दोन इंच पुढे नवीन पाडावं लागतं. लॅटरल ड्रमपासून उतारानेच न्या. ती कठड्यावर चढवून पुन्हा खाली घेतली की वरच्या बाकात हवा अडकते आणि पलीकडे पाणी जात नाही. ड्रीपर खोडापासून दोन बोटं लांब ठेवा.

सगळं जुळलं की पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक वाटी ठेवायची, पंधरा मिनिटं थांबायचं, आणि औषधाच्या मापाने पाणी मोजायचं. हे काम नातवंडांकडे द्यावं. पहिल्या वाटीत ४०० आणि शेवटच्या वाटीत २५० मिलिलिटर भरलं, तर कुठे बिघडलंय ते शोधायला आजोबांच्या आधी तीच धावतात. फरक दहा टक्क्यांच्या आत आला की जोडणी पक्की समजा. दर पंधरवड्याला ही वाटी ठेवून आकडा वहीत मांडला, तर ड्रीपर चोंदायला लागल्याचं झाड सुकायच्या आधी कळतं.

चोंदणं हे आपल्याकडचं मोठं दुखणं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ड्रीपरच्या तोंडाशी पांढरे साचतात. शेतात अ‍ॅसिड सोडतात, गच्चीवर ते करू नये. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड कालवून त्यात ड्रीपर रात्रभर भिजत घाला, सकाळी जुन्या दातब्रशने घासा. खोक्यातला चिमुकला फिल्टर काढून जाळीचा पाऊण इंची फिल्टर बसवा आणि आठवड्याला धुवा. तेव्हाच ‘आठ’ काढून लॅटरलमधलं गढूळ पाणी सोडून द्या. जीवामृत किंवा शेणाची स्लरी ड्रममध्ये कधीही ओतू नका, ती मगाने कुंडीतच द्या. आरओ मशीनचं टाकाऊ पाणीही ड्रममध्ये नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ड्रमला गोणपाट गुंडाळा म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि तोंडाला फडकं घट्ट बांधा, नाहीतर आत डास होतात.

मातीही संचाइतकीच महत्त्वाची. नुसती काळी माती भरली की ती वाळून भेगाळते, आणि ठिबकचं पाणी एका भेगेतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी गळतंय म्हणून कुंडी भिजली असं वाटतं, आत मुळं कोरडीच. माती, शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्या, वर दोन इंच सोयाबीनचा भुसा पसरा.

खारूताया मायक्रोट्यूब कुरतडतात, उन्हाळ्यात फार. कठड्यावर पाण्याचं पसरट भांडं ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो.

वांगी, टोमॅटो, मिरची, दोडका, कढीपत्ता यांना हा संच उत्तम. मेथी, शेपू, कोथिंबीर अशा फोकून पेरलेल्या भाजीला एका ड्रीपरचं पाणी पुरत नाही, तिथे झारीच हवी. आणि ते चांगलंच आहे. जिना चढून बादल्या नेण्याचं गुडघेमोड काम संच करतो. शेंडे खुडणं, पालेभाजीला झारी घालणं, सकाळी सुनेच्या हातात ताजा कढीपत्ता देणं हे आपल्याकडेच राहतं. आठ-दहाच कुंड्या असतील तर मात्र संचाच्या नादी लागू नका.

तयार खोक्यापेक्षा मोंढ्यातल्या ठिबकच्या दुकानातून सुटे भाग घेणं आम्हाला जास्त पटतं. लॅटरल जाड मिळते, आणि एखादा जॉइनर तुटला तर तेवढाच आणता येतो. ऑनलाइन फक्त टायमर घ्या. पहिल्याच फेरीत दहा ड्रीपर, दहा जॉइनर आणि मूठभर बुचं जास्तीची आणून ठेवा.