झेनॉन हेडलाइट बसवताय? रिलेचे पैसे घेतात, रिले बसवत नाहीत

आधी आकडे सांगतो. झेनॉन किट 6,800 रुपये, रिले हार्नेस (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हार्नेस म्हणजे त्याची तयार वायरिंग) 1,400, फिटिंग 800. एकूण 9,000, सगळे रोख. त्यानंतर जळालेला लाइट स्विच 3,650, डावा हेडलाइट 4,200, वायरिंग दुरुस्तीची मजुरी 1,500. म्हणजे आणखी 9,350. एवढं करून गाडीत आज पुन्हा तोच जुना, कंपनीचा एच-फोर हॅलोजन बल्ब आहे. चारचौघांत हे सांगायची लाज वाटते, पण त्या दुकानासमोर रोज गाड्यांची रांग असते, म्हणून लिहितोय.

हौस म्हणून गेलो नव्हतो. सासुरवाडी कोकणात, पावसाळ्यात रात्री आंबा घाट उतरावा लागतो आणि हॅलोजनच्या पिवळट उजेडात वळणावरचा कठडासुद्धा नीट दिसत नाही. आणि चौकशी न करताही गेलो नव्हतो. झेनॉनचा दिवा पेटवायला बॅलास्ट (किटमधला व्होल्टेज वाढवणारा डबा) वीस हजारांच्या वर व्होल्टचा झटका देतो आणि पेटताना पहिले काही सेकंद हॅलोजनपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, हे मला माहीत होतं. म्हणून करंट बॅटरीवरून थेट जाड वायरने घ्यायचा, बॅटरीपाशीच फ्यूज टाकायचा आणि गाडीच्या जुन्या वायरिंगने फक्त रिले चालवायचा. हार्नेस मी स्वतः होऊन मागितला. मालकाने पाकीट उघडून दाखवलं, कागदावर वेगळी ओळ लिहिली. वर म्हणाला, "साहेब, कंपनीचा बल्ब पंचावन्न वॅटचा, हे किट पस्तीसचं. लोड उलट कमी होणार. पण तुम्ही म्हणताय तर टाकू."

हे वाक्य कुणी तुम्हालाही ऐकवेल. पेटतानाच्या झटक्याबद्दल तो चकार शब्द काढणार नाही.

मला बाहेर बसवून चहा मागवला. चहा संपतो न संपतो तोच पोरगा म्हणाला, झालं काम. बॉनेट उघडंच होतं. बॅटरीचं प्लस टर्मिनल माझ्या अगदी समोर. त्यावरचा पांढरा-हिरवट थर जसाच्या तसा, नटावर पान्याचा साधा ओरखडा नाही. नवी वायर जोडायची तर तो नट सैल करावाच लागतो, थर खरवडला जातोच. मी पाहिलं आणि विचारलंही, वायर कुठून घेतली? "आतून घेतलीय, बाहेरून दिसत नाही," पोरगा म्हणाला. तेवढ्यात मालकाने लाइट लावले, समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र झोत पडला आणि तो विषय तिथेच राहिला. तो नट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. सगळं त्या एका नटावर लिहिलेलं होतं! पण दिवे चालू आहेत, हातात हार्नेसच्या पैशांचा कागद आहे, अशा वेळी समोरच्याला तोंडावर खोटारडा कोण म्हणेल?

काही दिवसांनी फ्यूज उडाला. दुकानात नेली, त्यांनी हसत हसत बदलून दिला. काय बदललं ते नंतर कळलं. निळा पंधरा अँपियरचा काढून हिरवा तीसचा घातला होता. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. दुप्पट फ्यूज घातला की तो शाबूत राहतो आणि वायर जळते. तुमच्या गाडीत कुणी "मोठा" फ्यूज घातला असेल तर आजच झाकण उघडून रंग बघा.

पुढे जे व्हायचं तेच झालं. घाटात, भर पावसात, डावा दिवा फडफडायला लागला, प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि एका वळणाआधी दोन्ही दिवे गेले. गाडीत बायको आणि मुलगी होती. मागच्या ट्रकवाल्याने थांबून आम्हाला त्याच्या उजेडात घाटाखालच्या साखरप्यापर्यंत आणलं.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने हेडलाइट बाहेर काढला तेव्हा रिलेचा पत्ताच नव्हता. किटच्या पिना मूळ कपलरमध्येच (बल्बला वायर जोडायच्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्येच) खुपसून वरून टेप गुंडाळलेली. कपलरचं प्लास्टिक ओघळून आतली पितळी पट्टी काळी पडलेली. त्याने दोन्ही बॅलास्ट थेट बॅटरीवर लावून वायरभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर धरला. पस्तीसच्या जोडीला साडेसहा-सात अँपियर पुरेत, मीटरने दहाच्या वर दाखवले. म्हणजे किटही पस्तीसचं नव्हतं. असा मीटर फिटिंगच्या दिवशीच लावायला सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मालकाचं उत्तर एकच: "तुमची वायरिंग जुनी होती."

पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने फोटो पाहिलेच नाहीत. "यात गुन्हा काय? पैसे दिलेत, वस्तू मिळाली. दिवाणी मॅटर आहे." जी वस्तू मिळालीच नाही तिचे 1,400 रुपये घेतले, हेच तर सांगायला आलोय, म्हटलं. साहेब नाहीत, नंतर या. नंतर गेलो तर दुसरेच साहेब, पुन्हा पहिल्यापासून. आरटीओत तर मलाच आरोपी केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवलं, कंपनीच्या रचनेत बदल केलात, 182-अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड होऊ शकतो, तक्रार लेखी देताय का, विचार करा! म्हणजे फसलेल्याने तोंड उघडायचं नाही. कायदा तसा असेल, मान्य. मग हीच किटं भर रस्त्यावर बोर्ड लावून विकतात तिथे हा कायदा कधी फिरकतो? रोज किती गाड्यांत हिरवे फ्यूज बसत असतील? "ते आमच्याकडे येत नाही," म्हणाले. मग कुणाकडे येतं, याचं उत्तर तिथे कुणापाशी नव्हतं.

दंडाची गोष्ट विकताना दुकानदाराने सांगायला नको होती का? शिवाय हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन बसवला की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, तेही इलेक्ट्रिशियनने सांगितलं तेव्हा कळलं. निळसर दिवे तर घेऊच नका, ओल्या डांबरावर ते काहीच दाखवत नाहीत.

कागद घेताना नीट बघा. माझ्या कागदावर वर "एस्टिमेट" छापलंय, जीएसटी नंबर नाही. जिथे गेलो तिथे पहिलं बोट त्यावरच ठेवलं गेलं. पक्कं बिल मागा, त्यावर वॅट लिहून घ्या, काढलेले जुने बल्ब परत घ्या.

जळालेला कपलर, बॅलास्ट, हिरवा फ्यूज सगळं जपून ठेवलंय. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. परवा मालकाचा फोन आला, "दोन हजार घ्या आणि मिटवा." मी नाही म्हणालो.