'कलर' आणि 'कलर्स': एका अक्षराने बदलणारा अर्थ

'कलर' म्हणजे रंग आणि 'कलर्स' म्हणजे अनेक रंग, एवढ्यावर थांबलं तर इंग्रजीत हमखास फसगत होते.

'कलर्स'चा एक मोठा अर्थ आहे निशाण. शिडाच्या जहाजांच्या काळात समोरचं जहाज कुणाचं हे झेंड्यावरून ओळखायचे. शत्रूला चकवायला परका झेंडा लावायचा आणि तोफ डागण्याआधी स्वतःचा चढवायचा, ही तेव्हाची युक्ती. 'ट्रू कलर्स' दाखवणं तिथलंच. आपणही 'खरा रंग दाखवला' म्हणतो, पण आपल्या मनात तेव्हा झेंडा नसतो. 'विथ फ्लाइंग कलर्स' पास होणं म्हणजे झेंडे फडकवत, दिमाखात. रंगीबेरंगी त्यात काही नाही. अपवाद मात्र मजेशीर आहे: लंडनला दर जूनमध्ये होणाऱ्या 'ट्रूपिंग द कलर' या लष्करी संचलनात शब्द एकवचनी, तरी अर्थ झेंडाच!

एकवचनी 'कलर' मला जास्त निसरडा वाटतो, कारण तो शेजारच्या शब्दाप्रमाणे बदलतो. 'ऑफ कलर' म्हणजे ब्रिटनमध्ये तब्येत जराशी बरी नसणं. अमेरिकेत तेच शब्द चावट विनोदाला लावतात. 'लोकल कलर' म्हणजे स्थानिक वातावरण. अमेरिकन कायद्यातल्या 'अंडर कलर ऑफ लॉ'मध्ये रंग म्हणजे अधिकाराचा मुलामा: सरकारी पदाच्या आडून केलेलं कृत्य. आणि भौतिकशास्त्रात क्वार्कला, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या सूक्ष्म कणांना, लाल, हिरवा, निळा असे 'कलर' असतात, पण ते दिसत नाहीत. विद्युतभारासारखाच तो एक गुणधर्म, नाव तेवढं रंगाचं.