गर्भनलिकेजवळचा पू: नुसती औषधं की निचरा?

ओटीपोटातला जंतुसंसर्ग अंगावर काढला की कधीकधी गर्भनलिका आणि बीजांडाभोवती पू साठतो. गळू लहान असेल, तर रुग्णालयात ठेवून शिरेतून अँटिबायोटिक्स देतात. बऱ्याच जणींना तेवढंच पुरतं. छेद नाही, भूल नाही. मात्र ताप उतरला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, किमान १४ दिवस घ्यायच्याच. (जोडीदारावरही उपचार लागतात, नेमकं तेच टाळलं जातं.)

गळू ७-८ सेंटिमीटरच्या पुढे असेल किंवा ४८ ते ७२ तासांत फरक दिसला नाही, तर मला निचराच शहाणपणाचा वाटतो: सोनोग्राफीत बघत सुईने, नाहीतर दुर्बिणीतून. औषधं तरीही चालूच राहतात. गळू फुटलं, तर निवड उरतच नाही. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.