इनव्हिड-वीव्हेरिफाय : फिरणाऱ्या व्हिडिओची तपासणी, साक्रीच्या शाळेतून

कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये बसणारं हे फुकट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन. युरोपीय संघाच्या पैशातून 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून ते आलं. एएफपी ही वृत्तसंस्था त्यात सुरुवातीपासून आहे. मी साक्री तालुक्यात शिक्षक आहे. नववी-दहावीला हे शिकवतो, कारण राईनपाडा आमच्याच तालुक्यातला. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं.

तेव्हा पोरं पळवणाऱ्या टोळीचं काम म्हणून इकडच्या मोबाइलांवर फिरणाऱ्या एका क्लिपमध्ये ओळीने निजवलेली मेलेली लेकरं होती. ती खरोखरच मेलेली होती. पण सीरियात, दमास्कसजवळच्या घौटात, 21 ऑगस्ट 2013 च्या विषारी वायूच्या हल्ल्यात. चित्र खरं आणि सोबतची गोष्ट खोटी, हा प्रकार सगळ्यात घातक, आणि या साधनाचा खरा उपयोग तिथेच होतो. व्हिडिओ दिला की ते त्यातली मोजकी दृश्यं वेगळी काढतं. एकेक दृश्य गुगल, यांडेक्स, बिंग, टिनआयवर शोधता येतं. जुनं असेल तर बहुतेक वेळा मूळ सापडतं. (वर्गात मी ती लेकरं दाखवत नाही. सराव पुराच्या आणि आगीच्या क्लिपांवर घेतो.)

मेटाडेटा, म्हणजे फाइलसोबत आपोआप साठणारी माहिती, बघण्याची सोय आहे, पण आपल्याकडे ती फारशी कामाची नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलमधून वेळ, जागा, कॅमेरा ही माहिती बहुतेक वेळा आधीच गळालेली असते.

आता महत्त्वाचं. पोरं हमखास विचारतात, "सर, कुठेच सापडलं नाही, म्हणजे खरं ना?" नाही. कालच काढलेला व्हिडिओ कुठेच सापडणार नाही. आणि जागा-तारीख पक्की झाली तरी कोणी केलं, किती मेले, हे चित्रावरून ठरत नाही. घौटाचंच बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने प्रत्यक्ष जाऊन रक्ताचे आणि मातीचे नमुने घेतले, रॉकेटचे अवशेष तपासले, तेव्हा सप्टेंबर 2013 मध्ये सरीन वायू वापरल्याचं पक्कं झालं. हल्ला कोणी केला हे सांगणं त्या पथकाच्या कामातच नव्हतं. मृतांचे आकडे तर बघा : अमेरिकेचा 1,429, फ्रान्सचा किमान 281, आणि एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था) हिच्या मदतीवर चालणाऱ्या तीन दवाखान्यांतले 355. एमएसएफने मोजले ते फक्त त्या दवाखान्यांत पोचलेले. घरातच गेलेले त्यात नाहीत. म्हणून आकडा दिसला की कोणी मोजलं, कुठे उभं राहून मोजलं, हे आधी विचारा, असं मी वर्गात सांगतो. एमएसएफने हेही तेव्हाच सांगितलं होतं, की लक्षणांचं कारण आणि हल्ला करणारा कोण, हे आम्ही ठरवू शकत नाही. असं बोलणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

मोबाइलवर हे चालत नाही, आणि फॉरवर्ड येतात ते मोबाइलवरच. तिथे स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्स वापरा. काही प्रगत सोयींसाठी नोंदणी लागते. मराठी मेनू नाही, ही मोठी उणीव. तरीही प्रत्येक शाळेच्या संगणक खोलीत आणि प्रत्येक तालुका वार्ताहराकडे हे असलंच पाहिजे. पाचपैकी चार.