फाइल उडाली: रिकुव्हा, फोटोरेक की दुकान?

काकांनी डी ड्राइव्ह साफ करताना कुलवृत्तान्ताचं आख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडवलं. सहा वर्षं गावोगाव फिरून, जुन्या वह्या चाळून टाइप केलेलं काम. शिफ्ट दाबलं की फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही. फोनवर मी आधी एवढंच म्हटलं, "काका, आता मशीनला हात लावू नका. काही डाउनलोड तर अजिबात नको."

डिलीट केल्यावर विंडोज डिस्कवरच्या फाइलींच्या यादीत फक्त 'ही जागा मोकळी' अशी खूण करतं. मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. मात्र हे फिरत्या हार्ड डिस्कचं झालं. एसएसडीत, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाची सोय असते. विंडोज ७ पासून ती आपोआप चालते आणि मोकळी झालेली जागा थोड्याच वेळात खरोखर पुसली जाते. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी डिस्क कोणती ते पाहा: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी (हार्ड डिस्क) ते लिहिलेलं असतं.

हार्ड डिस्क असेल आणि फाइल नुकतीच उडाली असेल, तर मी पहिल्यांदा रिकुव्हा हे सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, आणि त्याची पोर्टेबल आवृत्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हमध्ये घेऊन थेट चालवता येते. फाइलींची नावं, फोल्डर दिसतात. शेजारी हिरवा, नारिंगी, लाल ठिपका: फाइल परत मिळण्याची आशा चांगली, कमी की नाहीच, ते सांगणारा. काकांच्या यादीत ४४ वर्ड फाइली होत्या, त्यातल्या ४१ नावासकट उघडल्या. 'शाखा दुसरी' उघडली आणि पणजोबांचं नाव दिसलं तेव्हा काका खुर्चीत मागे टेकले. एसएसडीवर मात्र हा हिरवा ठिपका फसवतो. नाव दिसतं, आकारही बरोबर असतो, पण फाइलच्या आत नुसती शून्यं.

मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी २०२० मध्ये आलं. तेही फुकट, पण काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते आणि ते स्टोअरमधून इन्स्टॉल करावं लागतं, म्हणजे बहुधा सी ड्राइव्हवरच. फाइल सी वरून गेली असेल तर वाचवायच्या जागेवरच आपण लिहितो. ते आधीपासून मशीनमध्ये असेल तरच वापरा.

कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट झालं, पेन ड्राइव्ह 'फॉरमॅट करा' म्हणू लागला, तर मात्र फोटोरेक हे सॉफ्टवेअरच. ते यादीकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात कशी असते ते ओळखून डिस्क चाळत जातं. त्यामुळे यादी बिघडली तरी फोटो हाती लागतात, आणि कार्डांवर सहसा ट्रिम चालत नसल्याने आशा चांगली असते. मोल इतकंच की मूळ नावं जातात. 'एफ' आणि मागे आकडे अशा नावांच्या हजारो फाइली फोल्डरांत येऊन पडतात, कॉम्प्युटरची डिस्क चाळली तर त्यांत ब्राउझरची चित्रंही असतात. लग्नाचे फोटो निवडायला एक रविवार धरा. तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या फाइली त्याला नीट जोडता येत नाहीत.

कुठलंही निवडा, परत मिळालेलं दुसऱ्या डिस्कवरच ठेवा.

एसएसडीवरून गेलं असेल तर पैसे भरून सॉफ्टवेअर घेण्याआधी प्रती शोधा. फोल्डर वैयक्तिक खात्याच्या वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये फाइल ३० दिवस राहते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही तेवढेच. मेलचं सेंट, व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवलेली प्रत, प्रिंटवाल्याला दिलेला पेन ड्राइव्ह, सगळं पाहा.

आणि दुकान? डिस्क टकटक वाजत असेल किंवा मशीनला दिसतच नसेल, तर घरचे प्रयोग लगेच थांबवा. तिथे सॉफ्टवेअरचं काम नाही, डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळा लागते. डिस्क धडधाकट असेल तर कोपऱ्यावरचं दुरुस्तीचं दुकान बहुतेकदा वरचीच सॉफ्टवेअर चालवतं. तरी स्वतः करायचा धीर होत नसेल तर जरूर जा, फक्त आधी दोन गोष्टी विचारा: पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइली उघडून दाखवाल का, आणि काहीच मिळालं नाही तर किती घ्याल.