बर्च प्लाय की देशी प्लाय: ठाण्यातल्या घरासाठी निवड करताना

घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरला नवे घर घेतलेल्या आणि फर्निचर करताना जंगलाचाही विचार करणाऱ्या मंडळींपुढे एक प्रश्न हमखास येतो: युरोपातून येणारा बर्च प्लाय घ्यावा, की यमुनानगरकडून येणारा निलगिरी-पॉप्लरचा देशी प्लाय? दुकानात बर्चची ओळख ‘पर्यावरणपूरक’ अशीच करून दिली जाते आणि ती खोटी नाही. मात्र झाड कसे वाढवले आणि तोडले गेले एवढ्यावर हिशेब संपत नाही. ते लाकूड आपल्या दमट हवेत किती वर्षे टिकणार, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे आणि माझ्या मते ठाण्यात निकाल तिथेच लागतो.

आधी झाडाविषयी. बर्च हा आपल्या भूर्जाचा उत्तरेकडचा भाऊबंद. जंगल तोडल्यावर किंवा जळाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत जी झाडे सर्वांत आधी उगवतात त्यांपैकी तो एक असल्याने, फिनलंड आणि बाल्टिक देशांत त्याचे पुनरुत्पादन फारसे अवघड जात नाही. अधूनमधून विरळणी करून बारीक खोडे कागदाच्या लगद्याला किंवा जळणाला दिली जातात आणि जाड, सरळ खोडे साधारण ४० ते ६० वर्षांनी प्लायसाठी तोडली जातात. पॉप्लरचे गणित वेगळे आहे: ते पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याच्या बांधावर, गव्हाच्या सोबतीने वाढते आणि सहा ते आठ वर्षांत तोडीला येते. नैसर्गिक जंगलाला धक्का लागत नाही आणि पैसा शेतकऱ्याच्या हाती जातो, म्हणून या एका बाबतीत मी देशी प्लायला किंचित वरचे स्थान देतो. वाहतुकीत मात्र त्याला मोठी आघाडी मिळते असे नाही. यमुनानगरहून ट्रकने दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. बर्च त्याहून कितीतरी लांबून येत असला, तरी न्हावाशेवापर्यंतचा त्याचा बहुतेक प्रवास जहाजाने होतो आणि दर टनाला दर किलोमीटरमागे जहाजाचे इंधन ट्रकपेक्षा पुष्कळ कमी लागते. दुकानदार ‘गर्जन फेस’चा, म्हणजे वरचा थर गर्जनच्या लाकडाचा असलेल्या प्लायचा, आग्रह धरील, पण गर्जन हे आग्नेय आशियातल्या नैसर्गिक जंगलातले झाड असून म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यातच बंद केली, या तुलनेत त्याला जागा देण्याचे कारण मला दिसत नाही.

जांभळी नाक्यावरच्या पूजासाहित्यात मिळणारे भूर्जपत्र ही वेगळीच गोष्ट. ते हिमालयात वृक्षरेषेच्या आसपास अतिशय हळू वाढणाऱ्या भूर्जाची साल असते. बाहेरचा पापुद्रा काढताना आतला जिवंत थर कापला गेला, तर झाडाला कायमची इजा होते. गोमुखच्या वाटेवरच्या भोजबासाचे नावच या झाडांवरून पडले आणि आज तिथे ती झाडे शोधावी लागतात. फिनलंडमधल्या बर्चला मिळणारे पर्यावरणपूरकतेचे प्रमाणपत्र या सालीला लागू होत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता लाकूड हातात घेऊन पाहू. बर्च प्लायचा १८ मिमीचा तुकडा कापला, की कडेला १३ थर मोजता येतात. प्रत्येक सुमारे १.४ मिमीचा, एकसारखा आणि बहुधा पोकळीविना. आमच्या मिस्त्रींनी कापलेल्या कडेवरून नख फिरवले, ते कुठेच अडकले नाही. देशी प्लायच्या कडेला थर जाड-पातळ असतात, मध्येच एखादी फट निघते आणि नेमका तिथे स्क्रू आला तर तो पकड घेत नाही. म्हणून ड्रॉवर, मुलांचा पलंग, पुस्तकांची मांडणी अशा कोरड्या जागी, जिथे कड उघडी ठेवून नुसते पॉलिश करायचे आहे, तिथे बर्चचे जास्तीचे पैसे वसूल होतात. तीच कड पट्टीने झाकून वर सनमायका चिकटवायचा असेल, तर बर्च घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

स्वयंपाकघरात तर चित्र उलटेच होते. बर्च प्लायचा फिनॉलिक गोंद पाण्याला दाद देत नाही, पण लाकडात स्वतःची अशी कुजण्याला विरोध करणारी शक्ती जवळपास नसते. मी हौसेने सिंकखाली बर्चचा कप्पा करून घेतला आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड सील करायला विसरलो. एका पावसाळ्यात त्या भोकाभोवती काळी बुरशी धरली आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिथे स्क्रूड्रायव्हर सहज रुतू लागला. चूक माझीच होती, पण ती या लाकडाने पोटात घातली नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या देशी प्लायमध्ये विनिअरवर, म्हणजे लाकडाच्या पातळ थरांवर, कीड-बुरशीरोधक प्रक्रिया बंधनकारक असते आणि तो ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत उतरावा लागतो. ओट्याखाली, ट्रॉल्यांना आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला तोच घ्यावा. पाच वर्षांत उकिरड्यावर गेलेले शाश्वत लाकूड कोणाच्या कामाचे?

बर्च घ्यायचे ठरले, तर बिलाकडे नीट पाहावे. जंगल जबाबदारीने राखले जाते का हे तपासून लाकडाला प्रमाणपत्र देणारी एफएससी ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. २०२२ पासून रशिया आणि बेलारूसचे लाकूड एफएससी-प्रमाणित म्हणून विकता येत नाही. रशियन बर्च प्लायवर युरोपीय संघाने २०२१ मध्ये लावलेले शुल्क चुकवण्यासाठी माल तुर्कस्तान आणि कझाकस्तानमार्गे फिरत असल्याचे आढळल्यावर, २०२४ मध्ये ते शुल्क त्या मार्गांवरही लागू करावे लागले. त्यामुळे शीटवरचा शिक्का पुरेसा नाही. प्रमाणित माल म्हणून विकताना विक्रेत्याच्या बिलावर त्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि एफएससीचा उल्लेख असावा लागतो. तो क्रमांक एफएससीच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. मी एका दुकानात तो मागितला, तेव्हा चहा आला, क्रमांक आला नाही.

शेवटी मापाचा मुद्दा, जो मिस्त्री कापायला बसेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. बाल्टिक बर्चची पारंपरिक शीट पाच बाय पाच फुटांची असते, आपली आठ बाय चारची. सात फुटी वॉर्डरोबची बाजू पाच फुटांतून निघत नाही आणि सांधा दिला तर बर्चची शोभाच जाते. मोठ्या मापाचा बर्च मिळतो, पण तो आधी सांगून मागवावा लागू शकतो. याउलट चार बाय अडीच फुटांची अभ्यासाची दोन टेबले एका पाच बाय पाच शीटमधून निघतात आणि उरलेल्या एक फूट रुंद पट्टीत वरची पुस्तकांची फळी बसते.