तीन दिवसांची सायकल सहल: जव्हार, भंडारदरा की वेरूळ?

नाशिकहून तीन दिवसांची सायकल सहल काढायची ठरली की पहिला वाद दिशेवरून होतो. पश्चिमेला त्र्यंबक ओलांडून जव्हार आणि पुढे डहाणूचा समुद्र, दक्षिणेला घोटीवरून भंडारदरा, पूर्वेला निफाड-येवल्यावरून वेरूळ, या तिन्ही वाटा घराच्या दारापासून सायकलीवर बसूनच सुरू करता येतात आणि तिन्हींना शुक्रवार ते रविवार एवढी सवड पुरते. एका दिवसात साठ-सत्तर किलोमीटर चालवण्याचा सराव आहे, पण सामान लादून सलग तीन दिवस सायकल चालवलेली नाही, अशा वाचकासाठी ही तुलना आहे. निसर्ग कुठे अधिक चांगला हा निकष मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण पाहण्यासारखे तिन्हीकडे भरपूर आहे. माझ्या मते वाट निवडताना शेवटचा दिवस आधी पाहावा: त्या दिवशी किती चढ शिल्लक राहतो, किती अंतर उरते आणि सायकलीसह घरी परतायचे कसे.

पश्चिमेची वाट कागदावर सर्वांत सोपी वाटते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि त्र्यंबकेश्वर त्याहून शंभरेक मीटर वर. तीसेक किलोमीटरचा हा पहिला टप्पा अंजनेरीच्या पायथ्यावरून हळूहळू चढत जातो आणि मग तोरंगणच्या घाटातून मोखाड्याकडे उतार लागतो. जव्हारपर्यंतचे एकूण अंतर सुमारे 80 किलोमीटर भरते. मोखाडा ते जव्हार हा भाग मात्र नुसता उताराचा नाही; ओढा आला की उतरायचे आणि लगेच तेवढेच चढायचे, असे तिथे दिवसभर चालते आणि दुपारच्या उन्हात तेच जास्त दमवते. दुसऱ्या दिवशी जव्हारला मुक्काम ठेवून मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा पाहावा, तिसऱ्या दिवशी कासा-चारोटीवरून साठ-पासष्ट किलोमीटर उतरत डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत पोहोचावे, अशी ही आखणी असते.

अडचण इथूनच सुरू होते. डहाणू पश्चिम रेल्वेवर आहे आणि नाशिकरोड मध्य रेल्वेवर, त्यामुळे सायकल घेऊन परतायचे तर वाटेत गाडी बदलावी लागते आणि रविवारी संध्याकाळी सामानासह तो खटाटोप कोणालाही नकोसा वाटेल. एसटीच्या टपावर सायकल टाकून आणण्याची जुनी सोय आजच्या गाड्यांवर गृहीत धरता येत नाही. उरतो तो भाड्याचा टेम्पो किंवा सायकल चालवतच परत येणे, म्हणजे समुद्रापासून थेट सातशे मीटरांची चढाई. चार-पाच जणांचा गट असेल तर टेम्पोचे भाडे वाटले जाते आणि ही वाट एकदम आकर्षक होते. एकट्यादुकट्याने मात्र परतीची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय तिच्या नादी लागू नये. शिवाय सामान लादलेल्या सायकलीला घाट उतरणे हे चढण्याइतकेच शिकावे लागते. दोन्ही ब्रेक सतत धरून उतरले तर रिम तापते, ब्रेकची पकड कमी होते आणि बोटेही आखडतात. वळणाच्या अलीकडे दोन्ही ब्रेक दाबून वेग पाडावा, वळणात ब्रेक सोडावेत आणि सरळ रस्ता लागला की पुन्हा तसेच करावे, हा क्रम अंगवळणी पडलेला हवा. निघण्यापूर्वी ब्रेक पॅडवरच्या खाचा बुजल्या असतील तर पॅड बदलूनच घ्यावेत.

भंडारदऱ्याची वाट तिघींत सर्वांत देखणी आहे, हे निसर्गाचा निकष मागे ठेवूनही मान्य करावे लागते. मुंबई महामार्गाने घोटी जवळ पडते, पण त्या रस्त्यावर कंटेनरच्या झोताने सायकल हलते. त्यापेक्षा देवळाली कॅम्प, भगूर, पांढुर्ली या मार्गाने घोटी गाठावी. थोडे अंतर वाढते, पण डोके शांत राहते. घोटीपासून पुढे रस्ता भातखाचरांतून चढत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावी पोहोचतो. कळसूबाई 1646 मीटर उंच, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर. त्याच्या पायथ्याची वाट सपाट असेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. दिवसाचे अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर, पण चढाचा बराचसा भाग शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो, जेव्हा पाय आधीच जड झालेले असतात.

दुसरा दिवस हा या वाटेचा खरा लाभ आहे. सामान मुक्कामी ठेवून रिकाम्या सायकलीने जलाशयाला फेरी मारता येते: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. प्रवरेवरचे 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण, घाटघरचा कोकणकडा, साम्रदची सांदण दरी आणि रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर एवढे सगळे एका दिवसाच्या फेरीत येते. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर थांबून शुल्क भरावे लागते आणि आडवाटेने सायकल घालण्याचा मोह टाळावा लागतो. घाटघर-साम्रदच्या टापूत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि पंक्चरचे साहित्य मुक्कामावर न ठेवता सोबतच बाळगावे.

तिसऱ्या दिवसाचे गणित मात्र अवघड आहे. आल्या वाटेने परतले तर सुरुवातीला उतार मिळतो आणि संध्याकाळपर्यंत घर गाठता येते, पण वाट तीच राहते. फेरी पूर्ण करायची हौस असेल तर राजूर, अकोले, ठाणगाव, डुबेरे, सिन्नर असा सुंदर मार्ग आहे. डुबेऱ्याला बर्व्यांचा वाडा आहे, जिथे 1700 साली थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला, आणि सिन्नरला यादवकालीन गोंदेश्वर मंदिर आहे. परंतु हे अंतर शंभर किलोमीटरांच्या पुढे जाते आणि तेही सलग तिसऱ्या दिवशी. सिन्नरपासून नाशिकपर्यंतचा शेवटचा तासदीड तास पुणे महामार्गाच्या भरधाव गर्दीत, तिन्हीसांजेला काढावा लागतो, ही या आखणीतली सर्वांत वाईट गोष्ट आहे. फेरीच करायची तर चौथा दिवस काढून अकोल्याला मुक्काम ठेवावा. तीनच दिवस असतील तर आल्या वाटेने परतावे.

वेरूळच्या वाटेकडे सायकलस्वार सहसा पाठ फिरवतात, कारण तिच्यात घाट नाही आणि म्हणून पराक्रमही नाही. मला मात्र पहिल्या सहलीसाठी हीच वाट सर्वांत योग्य वाटते. चांदोरीला हमरस्ता सोडून सायखेड्यावरून गोदाकाठाने नांदूरमध्यमेश्वरला जावे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेले हे राज्यातले पहिले ठिकाण, आणि डिसेंबर-जानेवारीत पक्षी पाहायला दोन तास थांबले तरी वेळापत्रक बिघडत नाही. पुढे विंचूरला हमरस्त्याला लागून येवला गाठावे, म्हणजे नव्वदच्या आसपास किलोमीटर होतात. येवल्यात राहण्या-जेवण्याची ददात नाही आणि पैठणीचे माग संध्याकाळी हिंडून पाहता येतात. दुसऱ्या दिवशी वैजापूरवरून वेरूळ, पुन्हा साधारण तेवढेच अंतर. तिसऱ्या दिवशी सकाळी लेणी पाहून खुलताबादचा छोटा चढ, दौलताबादची उतरण आणि छत्रपती संभाजीनगरचे स्टेशन, एवढे तीसेक किलोमीटरच उरतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवून निघण्याचा वार ठरवावा.

या वाटेचे दोष दोन. कांद्याच्या हंगामात लासलगाव-विंचूर-येवला पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि रस्त्याची कड सोडून चालवणे धोक्याचे ठरते. दुसरा दोष वाऱ्याचा आहे. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणजे पूर्वेकडे निघालेल्याच्या तोंडावर, आणि सपाट मुलखात त्याला अडवायला काही नसते. घाटाचा चढ निदान संपतो तरी. वारा दिवसभर पुरतो. शिवाय निफाडची हिवाळी पहाट राज्यातल्या सर्वांत थंड पहाटांपैकी असते, तेव्हा हातमोज्यांशिवाय पहाटे पाचला निघण्याचा उत्साह आवरावा.

परतीच्या प्रवासाचा प्रश्न मात्र इथे सुटलेला आहे. तपोवन एक्स्प्रेससारख्या मुंबईकडच्या गाड्या मनमाडवरून नाशिकरोडला येतात आणि सायकल ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, आणता येते. त्यासाठी आदल्या दिवशीच पार्सल कार्यालयात चौकशी करावी, कारण प्रत्येक गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये जागा असतेच असे नाही आणि थांबा अल्प असेल तर कर्मचारी सायकल चढवायला तयार होत नाहीत. पायडल काढून पिशवीत ठेवावेत, हँडल आडवे वळवून बांधावे, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) पुठ्ठ्याने झाकावा, दिवे आणि पंप काढून घ्यावेत. जाड पुठ्ठ्यावर नाव, पावतीचा क्रमांक आणि उतरवण्याचे स्टेशन मोठ्या अक्षरांत लिहून तो पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी बांधावा. एकाच ठिकाणी बांधलेला चढवताना-उतरवताना फाटून जातो. नाशिकरोडला उतरल्याबरोबर डब्याजवळ रेंगाळू नये, थेट ब्रेकव्हॅनकडे धावावे.

सायकल कोणती, या प्रश्नाचे उत्तरही वाटेनुसार बदलते. वेरूळला साधी हायब्रिड सायकल चालते, किंबहुना कॅरिअर पक्का बसत असेल तर जुनी गिअरची सायकलही चालते. भंडारदऱ्याला मात्र गिअरचा हिशेब करावा. पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगला (पायडलजवळच्या दातेरी चकतीला) 34 दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही 34 दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.1 मीटर पुढे जाते. मागे 28 दाते असतील तर अडीच मीटरांहून जास्त. हा फरक सपाटीवर जाणवत नाही, पण दहा-बारा किलो सामान लादून बारीच्या चढावर तोच गुडघ्यांवर येतो. मिनिटाला साठ फेरे राखायचे तर पहिल्या सायकलीला ताशी साडेसात किलोमीटरचा वेग पुरतो, दुसरीला सव्वानऊ लागतो, आणि दमलेल्या माणसाला एवढा वेग चढावर राखता येत नाही. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलून घेण्याचा खर्च नव्या जर्सीपेक्षा कितीतरी सार्थकी लागतो. टायर 32 मिलिमीटरहून बारीक नसावेत, हे तिन्ही वाटांना लागू आहे.

ऋतूचा विचार थोडक्यात उरकता येतो. जून ते सप्टेंबर घाटघरला धो-धो पाऊस आणि दाट धुके असते. वाहनचालकाला सायकल दिसणार नाही अशा रस्त्यावर नवख्याने जाऊ नये. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ तिन्हींना योग्य आहे. त्र्यंबकच्या रस्त्यावर पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्यांची गर्दी असते, ती तारीख पंचांगात पाहून घ्यावी. समृद्धी महामार्ग नकाशावर कितीही सरळ दिसला तरी त्यावर सायकलीला बंदी आहे.

चौथी म्हणून वणी-सापुताऱ्याची वाट अनेक जण सुचवतात. दिंडोरीवरून वणी पंचेचाळीसच्या आत-बाहेर आणि तिथून साधारण तेवढेच पुढे सापुतारा, म्हणजे अंतरे बेताची आहेत आणि हातगडाच्या बाजूचा चढ दुसऱ्या दिवशीच संपतो. परतीला आलेलाच रस्ता उतरायचा, म्हणून शेवटचा दिवसही झेपणारा आहे. माझ्या लेखी ती वेरूळ आणि भंडारदरा यांच्या मधली पायरी आहे: एक सहल पूर्ण झाल्यावर आणि भंडारदऱ्यासाठी कॅसेट बदलण्यापूर्वी करण्याजोगी. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत मात्र ती वगळावी, कारण तेव्हा वणीकडचे रस्ते सप्तशृंगी गडावर पायी निघालेल्या भाविकांनी भरलेले असतात आणि भक्तनिवासात खोली मिळणे कठीण होते.